एकाच गळ्यातले दोघे

नाशिकच्या आमच्या छोट्या वाचनालयात महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी मंडळी जमतात आणि एखादं श्राव्य नाटक ऐकतात. पडद्यावर काही दाखवायचं नाही, कुणी व्याख्यान द्यायचं नाही. आधी ऐकायचं, मग बोलायचं. मी तिथं ग्रंथपाल आहे. कोण काय म्हणालं ते टिपून ठेवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. त्या वहीत सर्वांत जास्त पानं एका नाटकानं व्यापली आहेत. ते म्हणजे नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स आणि त्याच्या मर्क्युरी थिएटर या नाटकमंडळीनं १८ जुलै १९३८ रोजी अमेरिकेत सीबीएस रेडिओवर सादर केलेलं ‘ट्रेझर आयलंड’. मूळ कादंबरी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची: जिम नावाचा मुलगा, पुरलेल्या खजिन्याचा नकाशा आणि त्यामागे लागलेले समुद्री चाचे.

निवड करताना माझ्या मनात दोन अटी होत्या. शाळकरी मुलं जागची हलणार नाहीत अशी गोष्ट हवी, आणि नटसंच मोठा हवा. एकाच वाचकानं सगळी पात्रं वठवलेली पुस्तकं आमच्याकडे आधी ऐकून झाली होती. ती ऐकताना लोकांचं लक्ष गोष्टीपेक्षा वाचकाच्या कसबाकडे जास्त जातं, असं मला दिसलं होतं. नटसंच मोठा असला की कानाला निराळं काम पडतं. खोलीत कितीजण आहेत, कोण आत आला, कोण गप्प आहे, कोण कुणाला बनवतोय, हे सगळं आपलं आपण ठरवायचं असतं.

वेल्स तेव्हा २३ वर्षांचा होता. हे नाटक ज्या रेडिओ-मालिकेतलं, ती ११ जुलै १९३८ ला ‘ड्रॅक्युला’नं सुरू झाली आणि पुढच्याच आठवड्यात ‘ट्रेझर आयलंड’ आलं. मंगळवासीयांनी पृथ्वीवर केलेल्या स्वारीच्या ज्या नाटकामुळे वेल्सचं नाव जगभर झालं, ते याच मालिकेतलं, पण ३० ऑक्टोबरचं. म्हणजे आम्ही ऐकत होतो तो कार्यक्रम अजून फारसा कुणाला ठाऊक नसतानाचा आहे. जाहिरातदार नव्हता. तासाभराचं नाटक थेट प्रक्षेपित व्हायचं. नट, वाद्यवृंद आणि आवाज काढणारी माणसं, सगळी एकाच वेळी कामाला लागलेली. संगीत बर्नर्ड हर्मनचं. ते तबकडीवर घेतलं गेलं म्हणून आज आपल्याला ऐकायला मिळतं. खरखर आहे, पण दहा मिनिटांत कान ती बाजूला सारतो. आम्ही छताचा पंखा मात्र बंद केला. पंख्याची घरघर आणि तबकडीची खरखर एकत्र झाली की शब्दांच्या कडा जातात.

मोठी अडचण इंग्रजीची होती. एक तर १९३८ सालचं रेडिओवरचं इंग्रजी, त्यात अठराव्या शतकातले खलाशी बोलतायत. इंग्रजी माध्यमातली मुलंसुद्धा पहिली पाच मिनिटं एकमेकांकडे बघत बसतील, हे मला दिसत होतं. मी गोष्ट आधी मराठीत सांगायचं ठरवलं होतं. आमच्याकडे नेमानं येणाऱ्या एक आजी आहेत, लग्नाआधी गिरगावात वाढलेल्या. आकाशवाणी मुंबईच्या श्रुतिका ऐकत त्यांचं तरुणपण गेलं. त्या श्रुतिकांमधले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत ही त्यांच्या लेखी शेजारची माणसं. त्यांनी मला अडवलं. “गोष्ट आधी सांगू नकोस. गोष्ट कळली की माणसं ऐकायचं राहून जातं. आधी आवाज ओळखू दे.”

मग पद्धत त्यांनीच घालून दिली. प्रत्येकाला एक कोरा कागद द्यायचा. पात्रांची नावं सांगायची नाहीत. नवा आवाज ऐकू आला की आपल्याला सुचेल ते नाव त्याला द्यायचं आणि तोच आवाज पुन्हा आला की त्या नावापुढे खूण करायची. शब्द कळले नाहीत तरी चालेल. तेवढं एकच पथ्य: शेजाऱ्याच्या कागदात डोकवायचं नाही.

पहिल्या बैठकीला जोराचा पाऊस होता, त्यामुळे मंडळी उशिरा आली, पण आली. बँकेतून टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले एक काका येतात, जन्मापासून अंध. त्यांचा कागद त्यांच्या शेजारी बसणारी दहावीतली मुलगी लिहायची. दोघांचे दोन वेगळे कागद, हे तिनं आधीच सांगून टाकलं होतं. बाकी सातवी-आठवीतली मुलं, त्यांच्या आया, दोघे निवृत्त शिक्षक आणि चित्रपटांचा नाद असलेला महाविद्यालयातला एक मुलगा.

तासभर न थांबता ऐकलं. खरं सांगायचं तर अर्ध्या लोकांना अर्धीच गोष्ट कळली. ३४ प्रकरणांची कादंबरी एका तासात बसवलेली, त्यामुळे निवेदक दोन वाक्यांत समुद्र ओलांडून जातो. दंगलीच्या प्रसंगांत तर जमीनदार ट्रेलॉनी, डॉक्टर लिव्हसी आणि कप्तान स्मॉलेट हे तिघं आमच्या कानांना एकच वाटत होते. तरीही कागद भरले. कुणी ‘खोकणारा’ लिहिलं, कुणी ‘हुकूम सोडणारा’, ‘हसून बोलणारा’, ‘घाबरट पण शहाणा’. जिमच्या आईला तर चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत ‘कष्टाळू’ म्हटलं होतं, आणि ती बाई किती थोडं बोलते! ते काम ॲग्नेस मूरहेडचं. कप्तान झालेला जॉर्ज कुलुरिस, बेन गन झालेला रे कॉलिन्स आणि मूरहेड ही तिघं १९४१ च्या ‘सिटिझन केन’मध्ये पुन्हा वेल्सबरोबर आहेत, तिथंही संगीत हर्मनचंच. चित्रपटवाल्या मुलाला हे समजल्यावर तो इतका खूष झाला की त्यानं घरी जाऊन तो चित्रपट पुन्हा लावला आणि या वेळी म्हणे नुसता ऐकला.

बेन गनबद्दल मुलांचं बोलणं लिहून ठेवण्यासारखं होतं. तीन वर्षं निर्जन बेटावर एकटा सोडलेला खलाशी, ज्याला स्वप्नात चीज दिसतं. त्याचा चिरका आवाज आला तशी मुलं हसली. सगळं संपल्यावर सातवीतली एक मुलगी म्हणाली, “तो गमतीनं बोलत नव्हता. त्याला बोलायची सवय राहिली नव्हती.” तिला चीजचा संदर्भ कळला नव्हता, बेट कळलं नव्हतं. एवढं मात्र कळलं होतं. आजींनी माझ्याकडे ‘बघितलंस?’ अशा नजरेनं पाहिलं.

कागद जमा करून मी एकेक वाचत गेले आणि दहावीतल्या मुलीच्या कागदाशी थांबले. इतरांनी गोष्ट सांगणाऱ्या पोक्त आवाजाला एक नाव दिलं होतं आणि कुबडीवर चालणाऱ्या खलाशाला, म्हणजे लाँग जॉन सिल्व्हरला, दुसरं. तिनं दोघांना मिळून एकच नाव दिलं होतं: ‘गोड बोलून जवळ ओढणारा’. त्याच्यापुढे खुणाच खुणा.

“अगं, ते दोघं वेगळे आहेत,” एक शिक्षक म्हणाले. “सांगतोय तो मोठा झालेला जिम. मुलगा होता ना, त्याचाच पुढे मोठा झालेला. आणि सिल्व्हर तर समुद्री चाचा, लुटारू.”

“पण आवाज एकच आहे, सर.”

आवाज खरोखरच एकाचा होता. लहान जिमचं काम आर्थर अँडरसन या पंधरा वर्षांच्या मुलानं केलं. मोठा झालेला जिम स्वतः वेल्स, आणि सिल्व्हरही वेल्सच. सिल्व्हरसाठी तो बोलण्याची ढब बदलतो, शब्द चावतो, हसतो. निवेदन करताना तोच आवाज संथ आणि सभ्य असतो. मी हे नाटक आधी घरी अनेकदा ऐकलं होतं, श्रेयनामावली वाचली होती, तेव्हा मला हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि काहीही माहीत नसलेल्या पोरीनं कोऱ्या कागदावर ते पकडणं वेगळं. नावं छापलेला कागद हातात असता तर ‘जिम’ आणि ‘सिल्व्हर’ अशा दोन रकान्यांत तिनं तो आवाज गुमान वाटून टाकला असता.

त्या संध्याकाळी चर्चा उशिरापर्यंत चालली. वाचनालय बंद करायची वेळ उलटून गेली होती.

पुढची बैठक आम्ही वेगळी केली. आता थांबत थांबत ऐकायचं, आणि प्रत्येक टप्प्यावर मूळ पुस्तकातला तो भाग मी मराठीत सांगायचा. मुलांचा पहिला प्रश्न नकाशाचा होता: तो खरा होता का? तेव्हा मी स्टीव्हन्सनची हकीकत सांगितली. १८८१ चा उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रीमार गाव, बाहेर पाऊस, आणि सावत्र मुलगा लॉइड याच्याबरोबर रंगवलेला एका बेटाचा नकाशा. आधी नकाशा झाला, मग त्यातून माणसं आली. ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात ती कादंबरी ‘कॅप्टन जॉर्ज नॉर्थ’ या टोपणनावानं क्रमशः छापून आली आणि १८८३ मध्ये पुस्तक निघालं. म्हणजे घरातल्या एका मुलासाठी सुरू झालेली ही गोष्ट. मला वाटतं, मोठ्यानं वाचली किंवा ऐकली की ती खुलते ती यामुळेच.

प्यूचा प्रसंग आला तेव्हा मी काकांकडे बघत होते. पुस्तकातला प्यू हा आंधळा चाचा. गोठलेल्या रस्त्यावर काठी टकटक वाजवत येतो, गयावया करून लहान जिमचा हात मागतो आणि हात मिळताच पकडीसारखा आवळतो. काका शांतपणे म्हणाले, “मॅडम, आंधळा माणूस गोष्टीत आला की तो एक तर देवमाणूस असतो, नाहीतर असा. सिटी बसनं जाणारा, सुट्टे पैसे मोजणारा, भाजी आणणारा आंधळा कुठं भेटतच नाही.” यावर कुणीच काही बोललं नाही, आणि बोलायला नकोच होतं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

मग त्यांनी काठीचा विषय काढला. काठी वाजवून रस्ता कळत नाही, काठीचा आवाज कुठून परत येतो त्यावरून कळतो. मुलांना हे पटेना. तेव्हा त्यांनी आपली पांढरी काठी आठवीतल्या एका मुलाच्या हातात दिली आणि त्याला डोळे मिटून पुस्तकांच्या कपाटांमधून चालायला लावलं. कपाटाजवळ टोक टेकलं की आवाज कोंदट येतो, दोन कपाटांमधल्या वाटेशी मोकळा. मुलगा दुसऱ्याच फेरीत वाटेशी बरोबर थांबला. त्यानंतर प्यूचा प्रसंग पुन्हा लावा, असं मुलांनीच सांगितलं. या वेळी त्यांचं सगळं लक्ष आवाज जवळ येतोय की लांब जातोय, याकडे होतं.

प्यूचा शेवट मी पुस्तकातून सांगितला. छापा पडल्यावर साथीदार पळून जातात आणि प्यू रस्त्यात एकटा उरतो. तो हाका मारतो: जॉनी, ब्लॅक डॉग, डर्क, म्हाताऱ्या प्यूला टाकून जाऊ नका रे! आणि दौडत आलेल्या घोड्यांखाली सापडतो. काकांनी ती हाक मला पुन्हा वाचायला लावली. “नावं घेतली बघा त्यानं,” ते म्हणाले. “एकेकाचं नाव. डोळस माणूस नुसता ‘थांबा’ म्हणेल. आम्ही नावं घेतो, कारण कोण उरलंय हे उत्तर आल्याशिवाय कळत नाही. स्टीव्हन्सनला हे ठाऊक होतं.” थोड्या वेळापूर्वी तेच काका त्याच लेखकावर नाराज होते. नाराजी गेली नव्हती, पण तिच्या शेजारी आता हेही होतं. हे वाक्य ऐकल्यापासून मला ते प्रकरण पूर्वीसारखं वाचता येत नाही.

सफरचंदांच्या पिंपाचा प्रसंग आला आणि बैठक पुन्हा त्या एका आवाजाकडे वळली. सूर्य मावळल्यावर जहाजावर जिम सफरचंद घ्यायला पिंपात उतरतो आणि बाहेर सिल्व्हर येऊन बसतो. एका तरुण खलाशाला तो आपल्या कटात ओढतोय. पुस्तकात जिम सांगतो की, माझी स्तुती करताना सिल्व्हरनं जे शब्द वापरले होते, तेच तंतोतंत शब्द तो आता या दुसऱ्या पोरासाठी वापरत होता. मला तर हा कादंबरीतला सर्वांत क्रूर क्षण वाटतो, खुनांपेक्षाही. आठवीतली मुलं इथं चिडली. “म्हणजे तो जिमशी कधी खरं बोललाच नव्हता?” एका आईनं उत्तर दिलं की, बोललाही असेल, त्याला दोन्ही जमत असेल. यावर मुलांमध्ये तट पडले. सिल्व्हरचा जिमवर जीव होता की नाही, या प्रश्नावर एवढी तळमळ मी कुठल्या वर्गात पाहिलेली नाही.

दहावीतली मुलगी तोवर गप्प होती. मग ती म्हणाली, “आपण आत्ता ज्याच्यावर विश्वास ठेवून गोष्ट ऐकतोय, त्याचा आवाज पण तोच आहे ना. मोठा जिम आपल्याशी गोड बोलतोय. ते तो कुणाकडून शिकला?”

वेल्सनं या मालिकेला सुरुवातीला ‘फर्स्ट पर्सन सिंग्युलर’ असं नाव दिलं होतं. कथा कुणीतरी ‘मी’ म्हणून सांगायची आणि त्या ‘मी’नं ऐकणाऱ्याला हाताला धरून न्यायचं, हा त्या मालिकेचा कणा. ‘ट्रेझर आयलंड’ त्यासाठी फार सोयीचं, कारण मुळातच ते जिमनं सांगितलंय (मधली तीन प्रकरणं डॉक्टर सांगतो तेवढी सोडली तर). पण पुस्तकातला ‘मी’ किती वर्षांचा आहे हे कळत नाही. सतराशे अमुक साली मी लेखणी उचलतो, एवढंच तो म्हणतो आणि वर्षाचे पुढचे आकडे गाळतो. घटनेनंतर पाच वर्षांनी लिहीत असेल, नाहीतर तीस वर्षांनी. रेडिओवर हे झाकून ठेवता येत नाही, कारण आवाजाला वय असतं. वेल्सनं पोक्त आवाज निवडला आणि तोच गळा सिल्व्हरला दिला. पिंपाच्या त्या प्रकरणात सिल्व्हर आपलं वय पन्नास सांगतो. म्हणजे हे नाटक ऐकताना आपल्यापुढे एक मुलगा आणि एक चाचा असतो, शिवाय तो मुलगा जवळजवळ त्या चाच्याच्या वयाला पोचल्यावरचा माणूसही असतो.

शेवटी सिल्व्हर सोन्याच्या नाण्यांची एक पिशवी घेऊन पळून जातो. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जिम लिहितो की, त्याच्याबद्दल पुढे काही कळलं नाही, तो एका पायाचा खलाशी माझ्या आयुष्यातून पुरता निघून गेला. मी ते वाक्य वाचलं आणि मुलगी लगेच म्हणाली, “निघून कुठं गेला? बोलतोय की.”

आजींना हे मान्य नव्हतं. त्या ठाम होत्या आणि अजूनही आहेत. आकाशवाणीवरसुद्धा एकच कलाकार एका श्रुतिकेत दोन-दोन कामं करायचा. मंडळाचा मुख्य नट असेल तर चांगली कामं तो स्वतःकडे घेणारच. निवेदन मोठं काम, सिल्व्हर मोठं काम, दोन्ही वेल्सनं घेतली, विषय संपला. “उगाच अर्थ चिकटवू नका. चांगला नट आहे, त्यानं दोन माणसं वेगळी उभी केली, त्याचं कौतुक करा. हिला एक वाटली, तर ती त्याची चूक.”

त्यांचा मुद्दा हलका नाही, म्हणून पुढच्या वेळी आम्ही मुद्दाम ‘ड्रॅक्युला’ लावलं. तिथंही वेल्सनं दोन कामं केलीत: काउंट ड्रॅक्युला आणि डॉक्टर सीवर्ड. तेव्हा ही त्याची रीतच होती, हे आजींचं म्हणणं खरं ठरलं, आणि त्यांनी ते सगळ्यांना ऐकवलंही. पण कागद पुन्हा वाटले होते. या वेळी दोन्ही आवाजांना एकच नाव कुणीही दिलं नाही, दहावीतल्या मुलीनंसुद्धा. तिला कारण विचारलं तर म्हणाली, “ड्रॅक्युला डॉक्टरला काही शिकवत नाही.”

मी तिच्या बाजूची आहे. वेल्सच्या मनात काय होतं याच्याशी मला फारसं कर्तव्य नाही. त्यानं सोयीसाठी केलं असेल, हौसेसाठी केलं असेल. थेट प्रक्षेपणात, एका तासात, ज्या मुलाला सिल्व्हरनं भुलवलं तोच मोठा होऊन सिल्व्हरच्या गळ्यानं आपल्याला भुलवतो, हे ऐकू आलं ते आलं. छापील पानावर ते ऐकू येत नाही. कितीही वेळा वाचलं तरी मला आलं नव्हतं.

आता मंडळींना हे नाटक स्वतः मराठीत करून बघायचंय, तासाचं नाही, पिंपापर्यंतचंच. संहितेचं काम माझ्याकडे आलंय. प्यू काका करणार आहेत. त्यांनी अट घातली आहे की, काठीचा आवाज त्यांच्याच काठीचा असेल आणि तो कपाटांमध्ये चालून मुद्रित करायचा. निवेदक आणि सिल्व्हर एकानंच करायचा की दोघांनी, यावर अजून एकमत नाही. आजी म्हणतात दोघांनी. मुलगी म्हणते एकानं, आणि तो एकजण म्हणजे आजी असाव्यात. आजींनी होही म्हटलेलं नाही आणि नाहीही. त्यांनी संहिता मोठ्या अक्षरात छापून मागितली आहे.